माळवद गेले, पत्रा आला. आता तक्तपोशी घाला



मागच्या एका वैशाखात औसा तालुक्यातल्या एका घरी सोयाबीनच्या बियाण्याची उगवणशक्ती कशी तपासावी हे दाखवायला गेलो होतो. काम तसे सोपे. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडायचे, गुंडाळायचे, सावलीत ठेवायचे आणि किती उगवले ते पुढे मोजायचे. दुपारचे दोन वाजले होते. मी गोणपाट पसरणार तोच घरातल्या आजी म्हणाल्या, "साहेब, बियाण्याचं मागून सांगा. आधी ह्या पत्र्याखाली घटकाभर बसून दाखवा."

मी बसलो. पाच मिनिटांत सदरा पाठीला चिकटला. डोक्यावर पंखा फिरत होता, पण तो वरची धगच खाली लोटत होता. घरातली लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. नऊ दिवसांचे बाळ घेऊन ती बाहेर कडुलिंबाखाली बाजेवर बसली होती. बाळंतिणीची खोली घरात होती, पण दिवसा त्या खोलीत थांबायची सोय नव्हती.

अंगणाच्या कोपऱ्यात जुन्या लाकडांचा ढीग दिसला. मी विचारले, तेव्हा घरधनी म्हणाले, "जुनं माळवद पाडलं त्याचं लाकूड हाय. उद्या एक जण येतोय, जळणाच्या भावानं नेतो म्हणतोय." जवळ जाऊन नखाने खरवडून पाहिले. वरून काळेकुट्ट, पण आत पिवळसर तांबूस सागवान. पन्नास-साठ वर्षे वाळलेले! मी म्हटले, "उद्याच्या माणसाला परत पाठवा. तुमच्या बाळंतिणीच्या खोलीचा गारवा ह्या ढिगात पडलाय."

तो गारवा म्हणजे पत्र्याखाली बसवायचे फळ्यांचे छत. आपल्याकडे वाड्यांतून त्याला तक्तपोशी म्हणत. ती घरच्या घरी कशी करावी आणि कुठे चुकू नये, हेच आज सांगतो.

माळवद परत नको

आधी एक गोष्ट. आजींचा आग्रह होता की पुन्हा माळवदच घालावे. माळवदाचा गारवा ज्यांनी भोगला आहे त्यांना तो विसरता येत नाही, हे मला कळते. मी त्याच छताखाली वाढलो. तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर किलच्या, वर तुराट्या-पाला आणि त्यावर मातीचा जाड थर. दर साली मृगाआधी पांढरी माती टाकून तो थर नीट करायचा. असे करता करता माती वाढतच जाई.

त्या मातीचे ओझे किती, याचा हिशेब करून पाहा. दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब खोलीवर एक फूट माती म्हणजे १२० घनफूट माती झाली. एक घनफूट मातीचे वजन सुमारे ४५ किलो धरा. म्हणजे एका खोलीच्या माथ्यावर पाच टनांहून जास्त बोजा. पावसात भिजली की आणखी जास्त. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत काय झाले ते लातूर-धाराशिवकडच्या माणसाला सांगावे लागत नाही. गणपती विसर्जन करून उशिरा झोपलेल्या माणसांवर दगडमातीच्या भिंती आणि ही माळवदे आली. हजारो माणसे गेली. मी तेव्हा परभणीला कृषीच्या वर्गात शिकत होतो. त्यानंतर आमच्या वडिलांनी माळवद उतरवले आणि पत्रा टाकला. भागातल्या पुष्कळांनी तेच केले, आणि योग्य केले.

आता तक्तपोशीचे वजन पाहा. त्याच खोलीला अर्धा इंच जाडीच्या सागवानी फळ्या आणि त्यांच्या आधाराच्या कड्या मिळून दीडशे किलोच्या आसपास भरतात. तीन पोती धान्याएवढे. माळवदाइतका गारवा तिने येत नाही, पण पत्र्याची धग अडते आणि उशाशी मरण टांगलेले राहत नाही.

धग कशी अडते

पत्रा उन्हाने तापला की भाकरीच्या तव्यासारखा खाली धग मारतो. हवा गरम होते ती वेगळीच. अंगावर थेट येते ती पत्र्याची धग. मध्ये फळी आली की ती धग फळीवर अडते. लाकडातून उष्णता सावकाश जाते, म्हणून फळीचा खालचा अंग पत्र्यासारखा भाजत नाही.

पण पत्रा आणि फळी यांच्यामध्ये कोंडलेली हवा बाहेर गेली पाहिजे. नाहीतर दुपारभर ती तापत राहील आणि संध्याकाळी सारे घर ती धग ओकत बसेल. यासाठी दोन्ही बाजूंच्या त्रिकोणी भिंतींत, आढ्याच्या जवळ, समोरासमोर झरोके ठेवा. प्रत्येक झरोका निदान फूटभर लांब-रुंद असावा आणि त्याला बारीक लोखंडी जाळी मारावी. जाळी विसरलात तर उंदीर, चिमण्या, पाकोळ्या यांना तुम्ही माडी बांधून दिली असे होईल. आणि उंदीर आले की मागोमाग साप येतो.

थंडीत पहाटे पत्र्याला आतून दव धरते आणि टपटप गळते, हे तुम्ही पाहिले असेल. म्हणून फळ्या पत्र्याला चिकटवून मारायच्या नाहीत. मध्ये वारा खेळता राहिला की दव वाळते, फळी कुजत नाही.

एक प्रामाणिक सल्ला. हाताशी पैसे अगदीच थोडे असतील तर यंदा पत्र्याला वरून पांढरा रंग किंवा चुन्याचे दोन हात द्या आणि तक्तपोशी पुढच्या सालावर टाका. पांढऱ्या पत्र्यावर ऊन कमी मुरते. चुना पावसात धुऊन जातो, तो दर उन्हाळ्याच्या तोंडाला पुन्हा द्यावा लागतो. मात्र पत्र्यावर कडबा किंवा उसाचे पाचट अंथरू नका. एका ठिणगीचे काम असते.

लाकूड कोणते, कुठले

सर्वांत उत्तम म्हणजे तुमचेच जुने लाकूड. माळवदाच्या तुळया-कड्या पिढ्यान्‌पिढ्या वाळलेल्या असतात. आता त्या ना आखडणार, ना वाकणार. चिरायला नेण्याआधी दोन कामे करा. पहिले, प्रत्येक कडी हातोडीने ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक; भदभद आवाज आला तर आत वाळवीने पोखरले आहे, ती बाजूला काढा. विशेषतः भिंतीत असलेली टोके तपासा आणि हात-दीड हात कापून टाका. दुसरे, जुने खिळे उपटून घ्या. सॉ मिलच्या पात्याखाली खिळा आला तर पाते तुटते, कामगाराला इजा होते आणि पात्याची भरपाई तुमच्या माथी बसते. लोहचुंबक दोरीला बांधून लाकडावरून फिरवा, मोडलेला खिळाही सापडतो.

जुने लाकूड नसेल आणि बांधावरचे झाड तोडायचा विचार असेल तर थांबा. आपल्या राज्यात १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे. साग, ऐन, आंबा, फणस अशी झाडे स्वतःच्या रानातली असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत, आणि लाकूड गाडीत घालून नेताना वाहतुकीचा परवाना विचारतात. जुने सागवान चिरायला नेतानाही आधी वनपालाला भेटून घ्या. रस्त्यात गाडी अडवल्यावर खुलासे करत बसण्यापेक्षा एक चक्कर परवडते.

विकत घेताना गाभ्याचे लाकूड घ्या. बाहेरचा पांढरट भाग स्वस्त पडतो, पण भुंगा आणि वाळवी पहिल्यांदा त्याच्यावरच पडतात. फळीवर टाचणीच्या टोकाएवढी भोके आणि खाली पिठासारखी भुकटी दिसली तर ती फळी फुकट मिळाली तरी घरात आणू नका.

हल्ली बाजारात प्लास्टिकच्या चकचकीत पट्ट्या मिळतात, थर्माकोलच्या लाद्याही मिळतात. स्वस्त आहेत, एका दिवसात बसतात. पण घराला आग लागली तर थर्माकोल भडकतो आणि प्लास्टिकचा धूर गुदमरवतो. निजायच्या खोलीत मी तरी त्या सुचवणार नाही.

ओल्या लाकडाने माझी झालेली फजिती

धान्य ओले असताना कणगीत भरू नका, असे मी जन्मभर सांगत आलो. आणि २००९ साली स्वतःच्या घरी ओले लाकूड छताला मारले! घाई होती. घरी कार्य निघाले होते. पावसाळा संपता संपता चिरलेल्या बाभळीच्या फळ्या आणल्या, आठ दिवस अंगणात उन्हात टाकल्या आणि वाळल्या असे समजून ठोकून टाकल्या. सुतारमामा म्हणत होते, "साहेब, दम धरा." मी धरला नाही. होळीपर्यंत दोन फळ्यांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी पडल्या. काही फळ्या पन्हाळीसारख्या वळल्या, खिळे उपटून वर आले. वारा सुटला की वरची धूळ फटीतून ताटात पडे. सौभाग्यवती वरणाची वाटी झाकत म्हणायच्या, "बीएस्सीचं छत आहे." पुढच्या वर्षी सगळे काढले.

लाकूड लांबीत जवळजवळ आखडत नाही. आखडते ते रुंदीत. म्हणून फळी फार रुंद घेऊ नका. चार ते पाच इंच रुंदी पुष्कळ झाली. नव्याने चिरलेल्या फळ्या उन्हात टाकायच्या नाहीत, तडकतात. सावलीत, वाऱ्याच्या जागी, जमिनीपासून फूटभर उंच रचा. दर दोन थरांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या आडव्या घाला, म्हणजे वारा फिरेल. वर दगडाचे वजन ठेवा. पाऊण इंची फळीला तीन ते सहा महिने लागतात. फळी वाळली हे ओळखायची खूण सोपी आहे. एका फळीवर खूण करा आणि दर आठवड्याला तीच फळी दुकानाच्या काट्यावर तोला. वजन उतरायचे थांबले की लाकूड तयार.

वाळवीसाठी काय लावावे, असे शेतकरी हमखास विचारतात आणि विचारता विचारता कोपऱ्यातली फवारणीच्या औषधाची बाटली दाखवतात. माझे कळकळीचे सांगणे आहे की पिकावरचे कीटकनाशक घराच्या छताला फासू नका. फळीखाली लेकरे झोपतात, महिनोन्‌महिने त्याचा वास आणि भुकटी अंगावर येते. पूर्वी लाकडावर बीएचसीची पावडर मारायची पद्धत होती. त्या पावडरीवर १९९७ पासून देशात बंदी आहे. कुणाच्या घरात जुनी पुडी निघाली तर ती वापरू नये. जुन्या सागाच्या गाभ्याला असल्या औषधाची गरजच पडत नाही. इतर लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे पाणी चालते. दहा लिटर पाण्यात ३६० ग्रॅम बोरॅक्स आणि २४० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून ताज्या चिरलेल्या फळ्या आठवडाभर बुडवून ठेवायच्या आणि मग सावलीत वाळवायच्या. हातमोजे घाला, भांडे जनावरांपासून दूर ठेवा. उरलेले पाणी झाडाच्या बुंध्यात किंवा विहिरीच्या काठाला ओतू नका. बोरॉन पिकाला चिमूटभर लागते, पण जास्त झाले तर तेच पीक करपवते.

बसवायचे कसे

मार्गशीर्ष-पौष हा चांगला काळ. ज्वारी पेरून झालेली असते, सुतार मोकळा असतो, हवा ना फार दमट ना फार तापलेली. त्याआधी पत्र्याची गळती शोधून काढा. सैल हुक आवळा, वाळलेले वॉशर बदला. एकदा छत झाकले की गळती शोधणे अवघड. तुमच्या घरावर सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यांना भोके पाडू नका, करवत लावू नका. त्यांत ॲस्बेस्टॉस असते आणि त्याची बारीक धूळ फुप्फुसात बसून वर्षांनंतर जीवघेणे दुखणे देते. अशा घरात कड्यांचा आधार भिंतीवरच घ्यावा.

आपल्या दहा बाय बाराच्या खोलीला दोन इंच बाय तीन इंचाच्या सात कड्या लागतील. त्या दहा फुटांच्या अंगाने, दोन-दोन फुटांवर, तीन इंचांची बाजू उभी ठेवून बसवा. पट्टी आडवी टाकली तर ती झोळीसारखी खाली येते. कड्यांची टोके मातीत किंवा ओल्या भिंतीत गाडू नका, वाळवी तिथूनच चढते. भिंतीत लोखंडी ब्रॅकेट पक्के करून त्यांवर कडी टेकवा. सातही कड्या एका पातळीत हव्यात. त्यासाठी पारदर्शक नळीत पाणी भरून चारही कोपऱ्यांवर खुणा करा. गवंडी पाया आखताना करतो तेच.

फळ्या बारा फुटांच्या अंगाने, कड्यांना खालून मारायच्या. कड्यांना सुमारे तीन घनफूट आणि अर्ध्या इंची फळ्यांना पाच घनफूट लाकूड लागते. चिरताना, रंधताना आणि काटछाटीत जाणारे वेगळे, म्हणून जास्तीचेच धरून हिशेब करा. सुताराला सांगून प्रत्येक फळीच्या एका कडेला खोबण आणि दुसऱ्या कडेला जीभ काढून घ्या. पुढच्या फळीची जीभ मागच्या फळीच्या खोबणीत सरकवायची आणि खिळा एकाच कडेला मारायचा. दोन्ही कडांना खिळे मारले तर फळीला आखडायला जागा राहत नाही, मग ती मधोमध चिरते. खोबण काढणे परवडत नसेल तर फळ्या नुसत्या शेजारी लावून फटीवर खालून बारीक पट्टी मारली तरी चालते. पट्टीही एकाच बाजूच्या फळीला ठोकावी.

सुरुवात जी भिंत सरळ असेल तिथून करा. आधी सूत मारून घ्या. आपल्या भिंती डोळ्यांना सरळ दिसतात, सुताला तशा नसतात. भिंतीलगत चारी बाजूंनी अर्धा इंच मोकळे सोडा. पावसाळ्यात फळ्या फुगतात, तेव्हा ती जागा कामी येते. वरून गोल पट्टी मारली की फट दिसत नाही. एका कोपऱ्यात दोन फूट चौरस झडप अवश्य ठेवा. वर डोकावता आले पाहिजे.

विजेची तार फळ्यांवर मोकळी टाकू नका. उंदीर कुरतडतात आणि वाळलेल्या लाकडाशेजारी ठिणगी पडते. तार नळीतून न्या आणि तारेचा एकही सांधा छताच्या वर ठेवू नका. पंखा फळीला किंवा या कड्यांना टांगायचा नाही. त्याचा आकडा वरच्या लोखंडी पाइपाला किंवा मूळ तुळईला धरा आणि फळीत नुसते भोक ठेवा. पाती जमिनीपासून आठ फूट उंच राहतील असे पाहा. वळचणीकडे घर बुटके असेल तर छत सपाट न करता वाशांच्या उताराने मारावे, पत्र्यापासून तीन-चार इंच खाली आणि आढ्याशी वारा जायला मोकळे.

शेवटी जवसाच्या तेलाचे दोन हात. कच्च्या तेलाला वाळायला फार दिवस लागतात, उकळवलेले तेल दुकानात मिळते ते घ्या. तेल पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेटतात. दोरीवर पसरून वाळू द्या, मग फेका.

पोती वर चढवू नका

तक्तपोशी झाली की घरातल्या माणसांना वर मोकळी जागा दिसते आणि मोह सुटतो. एका गावात कांद्याला भाव नव्हता म्हणून शेतकऱ्याने पोती झडपेतून वर चढवली. तिसऱ्या दिवशी रात्री दोन कड्या मोडून सगळा कांदा देवघरात आला. खाली कोणी झोपले नव्हते, एवढेच दैव. हे छत आपले आपण तोलून धरण्यापुरते आहे. माल ठेवायचा असेल तर तो पोटमाळा झाला; त्याला इंच-दीड इंच जाड फळी आणि जाडजूड कड्या लागतात, आणि तो हिशेब वेगळ्याने जाणत्या माणसाकडून करून घ्यावा.

औशाकडच्या त्या घरी पौषात काम झाले. पुढच्या वैशाखात मी मुद्दाम दुपारी दोनलाच गेलो. पंखा चालू होता, बाळ आईसोबत आजोळी आले होते आणि घरातच पाळण्यात झोपले होते. आजींनी चहा दिला आणि विचारले, "साहेब, आता सैपाकघराला पण मारून घेऊ का? लाकूड उरलंय."

मी नको म्हटले. चूल आहे तिथे फळी नको. धुराने काजळी धरते, फोडणीचा ओशटपणा चढतो, आणि तसल्या लाकडाला आग लागायला वेळ लागत नाही. त्यांच्या घरी गॅस आहे, पण भाकरी अजून चुलीवरच होते. तिथे आढ्याशी धुराडे उंच करून घ्या आणि पत्रा पांढरा करा, असे सांगितले. उरलेल्या फळ्यांची त्यांनी झरोक्यांना झडपा करायचे ठरवले. थंडीत त्या निम्म्या ओढून घेता येतील. मग मी गोणपाट पसरले आणि शंभर दाणे मोजायला बसलो.